लहान नभोवाणी आणि गाण्याचे मोल

गाणे ही वस्तू अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला नेहमीच पेचात टाकते. एकाने भाकरी खाल्ली की ती दुसऱ्यासाठी उरत नाही. गाणे मात्र हजारांनी ऐकले तरी कणभर कमी होत नाही. ते पहिल्यांदा घडवायला कवी, संगीतकार, गायक, वादक आणि ध्वनिमुद्रण करणारी कंपनी यांचे श्रम व पैसा लागतो. परंतु एकदा घडले की आणखी एका श्रोत्यापर्यंत ते पोचवण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. किंमत शून्य ठेवावी तर पुढचे गाणे कोणी घडवणार नाही. किंमत चढी ठेवावी तर ज्याला ते सहज ऐकवता आले असते त्याला विनाकारण वंचित ठेवल्यासारखे होते. स्वामित्वहक्काचा सारा कायदा म्हणजे या दोन टोकांमधली तडजोड होय. ही तडजोड मोठ्यांच्या बाबतीत कशीबशी साधली आहे. इंटरनेटवरून चालणाऱ्या लहान नभोवाणी केंद्रांच्या बाबतीत मात्र ती साधलेली नाही, आणि तिची झळ त्या केंद्रांइतकीच मराठी गाण्यालाही लागत आहे.

हा विषय मुंबईच्या ध्वनिमुद्रण कंपन्यांचा आणि त्यांच्या वकिलांचा. यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगावसारख्या तालुक्याच्या गावाला त्याचे काय, असे कोणी विचारील. समजा, येथील चार पदवीधर तरुणांनी एक संगणक, एक मायक्रोफोन आणि इंटरनेटची जोडणी एवढ्या भांडवलावर नभोवाणी केंद्र सुरू करण्याचे ठरवले. पहाटे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने, दुपारी कापूस-सोयाबीनचे बाजारभाव, संध्याकाळी जुनी नाट्यगीते आणि रात्री सुरेश भटांच्या गझला, असा त्यांचा कार्यक्रम. गावातील कृषिसेवा केंद्रे आणि कापडदुकाने यांच्या जाहिरातींतून खर्च भागावा, एवढीच त्यांची अपेक्षा. सामुदायिक नभोवाणीचा मार्ग शिक्षणसंस्थांना २००२ पासून व स्वयंसेवी संस्थांना २००६ पासून खुला आहे खरा. पण तिच्या प्रक्षेपकाची शक्ती सर्वसाधारणपणे १०० वॅटपुरती मर्यादित असते आणि तिचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरांत विरतो. आमच्या भागातील तरुण पिढी आज पुणे, नागपूर, सुरत अशी पांगली आहे. त्यांच्या कानी गावचा आवाज पोचवायचा तर इंटरनेटवाचून गत्यंतर नाही. येथे तरंगलहरींचा परवाना लागत नाही आणि मनोराही उभारावा लागत नाही. लागते ती केवळ गाणी वाजवण्याची परवानगी. आणि नेमके तेथेच घोडे अडते.

एकाच दिवसाचे तीन कायदे

वरील कार्यक्रमातील तीन गाणी घेऊन पाहू. पहिले, बालगंधर्वांनी गायिलेले 'स्वयंवर' नाटकातील एखादे पद. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ साली निवर्तले आणि चाली बांधणारे भास्करबुवा बखले १९२२ साली. आपल्या कायद्याप्रमाणे शब्द आणि चाल यांवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणावरील हक्क ते प्रकाशित झाल्यानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. १९३०च्या सुमाराची तबकडी हाती असेल तर ती वाजवायला आज कोणाचीही परवानगी नको. हे धन समाजाचे झाले आहे.

दुसरे, तुकडोजी महाराजांचे भजन. महाराजांचे महानिर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले. म्हणजे त्यांच्या रचनांवरील हक्क ३१ डिसेंबर २०२८ रोजी संपतो. गावातील भजनी मंडळाने ते गायिले आणि आपल्या तरुणांनीच ध्वनिमुद्रित केले, तरी त्या तारखेपर्यंत शब्दांपुरती परवानगी लागेल.

तिसरे, सुरेश भटांची गझल. भट २००३ साली गेले, म्हणून शब्दांवरील हक्क २०६३ सालच्या अखेरपर्यंत राहील. चाल संगीतकाराची, तिचा हक्क वेगळा. ध्वनिमुद्रण कंपनीचे, त्याचा हक्क आणखी वेगळा. चार-पाच मिनिटांच्या एका गझलेसाठी तीन कुलपे उघडावी लागतात आणि प्रत्येकाची किल्ली वेगळ्या दारी असते. शब्द आणि चाल यांच्या वतीने वसुली करणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था १९६९ सालची. ध्वनिमुद्रणांच्या वतीने परवाने देणारी फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड ही १९४१ सालची. पण सर्व कंपन्या या दुसऱ्या संस्थेच्या छत्राखाली नाहीत; काही बड्या कंपन्या आपले परवाने स्वतंत्रपणे देतात. बाभुळगावच्या तरुणाने मुंबईतील किती दारे ठोठवावीत? आणि न ठोठवता गाणी वाजवली तर कायद्याच्या ६३व्या कलमात सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. ही भीती सर्वांना सारखी असते, उपाय मात्र सर्वांना सारखा नाही.

जुना अनुभव

नभोवाणी आणि गाण्याचे मालक यांच्यातील तंटा आपल्याकडे नवा नाही, आणि त्याचे एक ठळक प्रकरण एका मराठी मंत्र्याच्या नावाशी जोडलेले आहे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रीय नभोवाणीमंत्री झाले. चित्रपटगीतांविषयी त्यांना आस्था नव्हती. आकाशवाणीवर त्या गाण्यांचा वेळ आखडला गेला. गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे फुकटची जाहिरात, असे मानून तेही बंद झाले. निर्मात्यांनी उलट आपली परवानगीच काढून घेतली. या भांडणात जिंकले कोण? आकाशवाणी नव्हे आणि निर्मातेही नव्हेत. श्रोत्यांनी रेडिओची कळ फिरवून सिलोन केंद्र लावले. अमीन सयानी यांचा 'बिनाका गीतमाला' हा कार्यक्रम तेथून १९५२ सालीच सुरू झाला आणि भारतीय गाण्यांवरची कमाई परक्या केंद्राच्या पदरी पडू लागली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू करून सरकारने माघार घेतली. गाण्याची सरळ वाट अडवली की ते थांबत नाही, आडवाट धरते. आणि आडवाटेवर ज्याचे त्याला पैसे मिळण्याची शाश्वती नसते, हा त्या पाच वर्षांचा धडा आहे.

या शतकाच्या आरंभी खासगी एफ. एम. केंद्रे आली आणि तंटा नव्या रूपाने उभा राहिला. कंपन्या आकारणी करीत 'सुई-तासा'वर, म्हणजे तबकडीवर सुई टेकलेली असेल तितक्या तासांवर. तबकडी गेली, सुई गेली, पण हिशेबाचे माप तेच राहिले. केंद्र मुंबईचे आहे की जळगावचे, त्याला जाहिराती किती मिळतात, याच्याशी त्या मापाचा संबंध नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने मे २००८ मध्ये एका निकालात असे सांगितले की, अवाजवी अटींवर देऊ केलेला परवाना हा वस्तुतः नकारच होय. त्यानंतर २५ ऑगस्ट २०१० रोजी स्वामित्वहक्क मंडळाने दर ठरवून दिला: केंद्राच्या निव्वळ जाहिरात-उत्पन्नाच्या दोन टक्के, आणि तो सर्व गीतपुरवठादारांनी वाजलेल्या गाण्यांच्या प्रमाणात वाटून घ्यावा. कंपन्यांना हा दर फारच अल्प वाटला, आणि त्यांच्या तक्रारीत तथ्य नव्हते असे नाही. परंतु तत्त्व मोलाचे होते. देणे हे कमाईच्या प्रमाणात असावे, हे ते तत्त्व.

२०१२ साली संसदेने स्वामित्वहक्क कायद्यात व्यापक दुरुस्ती केली. तिचे दोन भाग येथे महत्त्वाचे आहेत. एक, ३१ ड हे नवे कलम. त्यानुसार एकदा प्रकाशित झालेले गाणे प्रक्षेपित करायला कोणत्याही प्रक्षेपण संस्थेला मालकाची मनधरणी करावी लागत नाही. तिने आगाऊ सूचना द्यावी, ठरलेल्या दराने पैसे भरावेत आणि हिशेब ठेवावा, एवढे पुरे. यालाच वैधानिक परवाना म्हणतात. दुसरा भाग कवी-संगीतकारांना न्याय देणारा होता. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने चित्रपटगीतांवरील हक्कांचे माप निर्मात्याच्या पदरात पडले होते. पस्तीस वर्षांनी संसदेने ते दुरुस्त केले. आता गीतकार आणि संगीतकार यांना स्वामित्वधनातील आपला समान वाटा दुसऱ्या कोणाला लिहून देता येत नाही, आणि म्हणूनच तो कोणाला लिहून घेताही येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये हा हक्क नभोवाणीवरून वाजणाऱ्या ध्वनिमुद्रणांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले.

रेड्यांची टक्कर

येथवर सारे ठीक. पण ३१ ड कलमात 'प्रक्षेपण' हा शब्द आहे. इंटरनेटवरून गाणे ऐकवणे हे प्रक्षेपण की नव्हे? केंद्र सरकारच्या औद्योगिक धोरण विभागाने सप्टेंबर २०१६ मध्ये एका टिपणीद्वारे सांगितले की, होय, त्यातही ते येते. परंतु टिपणी म्हणजे कायदा नव्हे. टिप्स ही ध्वनिमुद्रण कंपनी आणि एअरटेल समूहाची विंक ही संगीतसेवा यांच्यात दरावरून बिनसले. विंकने ३१ ड कलमाचा आधार घेतला आणि टिप्स न्यायालयात गेली. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती काथावाला यांनी २३ एप्रिल २०१९ रोजी निकाल दिला की, हे कलम नभोवाणी आणि दूरचित्रवाणी यांच्यापुरतेच आहे, इंटरनेटला ते लागू नाही. २० ऑक्टोबर २०२२ रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती गौरी गोडसे यांच्या खंडपीठाने तो कायम केला.

निकालावर टीका करण्याचे कारण नाही. मालकाच्या इच्छेविरुद्ध त्याची वस्तू वापरू देणारे कलम काटेकोरपणेच वाचले पाहिजे, ही न्यायालयाची भूमिका रास्त आहे. शिवाय विंकवर श्रोता हवे ते गाणे हवे तेव्हा मागवू शके, उतरवून जवळ ठेवू शके. हा व्यवहार नभोवाणीपेक्षा दुकानाला जवळचा होता. बड्या दूरसंचार समूहाच्या हाती असे दुकान असताना त्याला सरकारी दराने माल द्यावा, हे कोणत्याही कंपनीला पटले नसते. विंकची ती सेवा पुढे २०२४ साली बंदही झाली. पण निकालाची व्याप्ती विंकपुरती राहिली नाही. जे केंद्र केवळ क्रमाने गाणी वाजवते, ज्याचा श्रोता गाणे निवडू शकत नाही आणि उतरवूनही घेऊ शकत नाही, असे गावोगावचे लहान केंद्रही त्याच वाक्यात 'इंटरनेट' म्हणून बाहेर फेकले गेले. दोन रेड्यांची टक्कर व्हावी आणि मधल्या झाडाचा काळ यावा, तसे हे झाले.

परिणामी आज विसंगती अशी आहे की, तेच गाणे, तीच वेळ आणि तोच श्रोता असला तरी एफ. एम. लहरींवरून आले तर वाजवणाऱ्याला कायद्याने ठरणाऱ्या किमतीचा आश्रय आहे. दूरध्वनीच्या तारेतून आले तर नाही. जुलै २०२१ मध्ये संसदेच्या वाणिज्यविषयक स्थायी समितीने आपल्या १६१व्या अहवालात इंटरनेट प्रक्षेपकांना या कलमात घ्यावे, अशी शिफारस केली होती. ती अद्याप कायद्यात उतरलेली नाही.

अमेरिकेचा दाखला

अमेरिकेने १९९८ साली कायदा करून इंटरनेट नभोवाणीला वैधानिक परवाना दिला. म्हणजे आम्ही जे मागतो आहोत ते तेथे आधीच आहे. तरीही तेथे लहान केंद्रांची वाताहत झाली, कारण दराचे माप चुकले. तेथे आकारणी 'एक गाणे, एक श्रोता' या हिशेबाने होते. शंभर जण एक गाणे ऐकत असतील तर ती शंभर वादने. २००२ साली दर वादनास ०.०७ सेंट ठरला. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो. लहान केंद्रांनी आक्रोश केल्यावर त्याच वर्षी संसदेने वेगळा कायदा करून त्यांना तडजोडीची वाट दिली. तीनुसार उत्पन्नाच्या पहिल्या अडीच लाख डॉलरांवर दहा टक्के व पुढे बारा टक्के, असा दर लहानांसाठी ठरला. २००७ साली पुन्हा वाढीव दर आले, तेव्हा २६ जून रोजी असंख्य केंद्रांनी दिवसभर मौन पाळून निषेध नोंदवला. नव्या तडजोडी झाल्या आणि त्यांची मुदत २०१५ अखेर संपली. २०१६ पासून वादनास ०.१७ सेंट हा सरसकट दर आला आणि हजारो हौशी केंद्रांना आसरा देणारी लाइव्ह३६५ ही सेवा त्या जानेवारीअखेर बंद पडली. ती पुन्हा उभी राहायला २०१७ साल उजाडावे लागले.

हा दर बाभुळगावच्या आपल्या कल्पित केंद्राला लावून पाहू. दिवसाचे दहा तास, तासाला बारा गाणी, कोणत्याही क्षणी सरासरी पन्नास श्रोते. वर्षाची वादने होतात एकवीस लाख नव्वद हजार. ०.१७ सेंटप्रमाणे देणे येते ३,७२३ डॉलर. रुपयांत सुमारे तीन लाख. केंद्राचे जाहिरात-उत्पन्न महिन्याला दहा हजार, म्हणजे वर्षाला एक लाख वीस हजार धरले, तर देणे उत्पन्नाच्या अडीच पट होते. दोन टक्क्यांच्या मापाने हेच देणे २,४०० रुपये आणि दहा टक्क्यांच्या मापाने १२,००० रुपये. अधिक विचित्र हे की, वादनाच्या मापात श्रोते वाढले की संकट वाढते. ज्या धंद्यात गिऱ्हाईक वाढल्यावर दुकान बुडते, त्या धंद्याच्या नियमांतच काही खोट असली पाहिजे. यातला सर्वांत मोठा अन्याय असा की, अमेरिकेत लहरींवरून चालणारी मोठी नभोवाणी केंद्रे ध्वनिमुद्रणाच्या मालकांना काहीच देत नाहीत. लहानाकडून अडीच पट आणि मोठ्याकडून शून्य, हा न्याय नव्हे. तो इतिहासाचा अपघात आहे, आणि तो आपण उसना घेण्याचे कारण नाही.

पितळेचा हिशेब

येथे एक गंभीर आक्षेप येतो. सरकारने किंमत ठरवूच का? मालक आणि गिऱ्हाईक यांनी बाजारात ठरवावी. सर्वसाधारणपणे मी या मताचा आहे. पण बाजार म्हणजे अनेक विक्रेते आणि एकाच्या जागी दुसरा चालेल असा माल. कापसाच्या एका व्यापाऱ्याने भाव पाडला तर शेतकरी दुसऱ्याकडे जाऊ शकतो, निदान जाऊ शकावा. सुरेश भटांची गझल महाग पडली म्हणून श्रोता दुसऱ्या कोणाच्या गझलेवर समाधान मानत नाही. प्रत्येक गाणे ही एक छोटी मक्तेदारी आहे आणि नभोवाणीला अशा हजारो मक्तेदाऱ्या एकत्र लागतात.

फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ कूर्नो याने १८३८ सालच्या आपल्या ग्रंथात पितळेचे उदाहरण घेतले आहे. पितळेला तांबे आणि जस्त दोन्ही लागतात. तांब्याचा मक्तेदार एक आणि जस्ताचा दुसरा असला तर प्रत्येक जण आपापला भाव चढवतो आणि त्यामुळे दुसऱ्याचा खप किती घटतो याची फिकीर करीत नाही. परिणामी पितळ इतके महाग होते की दोन्ही खाणी एकाच मक्तेदाराच्या हाती असत्या तर ते स्वस्त पडले असते, आणि गंमत म्हणजे खाणमालकांची एकूण कमाईही वाढली असती. गाण्याचे पितळ शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या तीन धातूंचे, आणि वर कंपन्या अनेक. प्रत्येकाने आपली किंमत स्वतंत्रपणे सांगावी, यात मालकांचेही हित नाही. लहान केंद्र या किमतीला 'नको' म्हणते आणि बंद पडते, किंवा चोरून वाजवते. दोन्ही प्रसंगी मालकाच्या हाती येते शून्य.

त्यात व्यवहाराचा खर्च मिळवावा. करारासाठी पत्रव्यवहार, वकील, प्रवास यांवर होणारा खर्च मोठ्या केंद्राच्या हिशेबात दिसतही नाही. लहानाच्या हिशेबात तो गाण्याच्या किमतीपेक्षा मोठा होतो. शेकडो उत्पादकांचे लिटर-दोन लिटर दूध गोळा करायला गावात सहकारी संस्था लागते, कारण शहरातील डेअरी दारोदार फिरू शकत नाही. हक्कांच्या बाबतीत गरज उलट बाजूनेही आहे. येथे शेकडो लहान गिऱ्हाइकांना एका दारात माल मिळाला पाहिजे.

कंपन्यांचे म्हणणे

कंपन्यांची बाजू एका वाक्यात उडवून लावण्यासारखी नाही. चोरट्या कॅसेटींनी आणि नंतर फुकट उतरवल्या जाणाऱ्या गाण्यांनी त्यांचे कंबरडे मोडले होते. इंटरनेटवरील परवान्यांच्या उत्पन्नावरच त्या पुन्हा उभ्या राहिल्या. लहान केंद्राला दिलेली सवलत मोठे लोक वापरतील, मोठी सेवा आपले शंभर तुकडे करून प्रत्येक तुकडा 'लहान' म्हणून दाखवील, ही भीती काल्पनिक नाही. त्यावर उपाय व्याख्येत आहे. उत्पन्नाची वरची मर्यादा, एका मालकीच्या सर्व केंद्रांचे उत्पन्न एकत्र धरण्याचा नियम, आणि श्रोत्याला गाणे निवडण्याची वा उतरवण्याची मुभा नाही ही अट, या तिन्ही गोष्टी असल्या की खिंडार बुजते.

परंतु वैधानिक परवाना म्हणजे लूट, हे म्हणणे निदान या उद्योगाच्या तोंडी शोभत नाही. १९८०च्या दशकात आपल्याकडे कॅसेटींचा जो सुकाळ झाला, त्यात जुन्या गाण्यांच्या नव्या आवाजांतील 'व्हर्शन' ध्वनिमुद्रणांचा वाटा मोठा होता. आणि ती निघत होती ती सूचना द्या, ठरलेले पैसे भरा आणि ध्वनिमुद्रण करा, अशा कायद्याच्या सवलतीखालीच. उद्योगाने स्वतः ज्या शिडीने वर चढण्याची सोय घेतली, ती शिडी दुसऱ्यासाठी काढून घेऊ नये.

दुसरी गोष्ट, नभोवाणी ही गाण्याची केवळ गिऱ्हाईक नसते. ती गाण्याची जन्मदात्रीही असते. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर प्रसृत झाले. त्यातील छप्पन्न गीते कोणा ध्वनिमुद्रण कंपनीच्या मागणीवरून नव्हे, एका नभोवाणी केंद्राच्या गरजेतून जन्मली. उद्याचे वऱ्हाडी कवी आणि गायक कोणत्या केंद्रासाठी लिहितील आणि गातील? मोठ्या संगीतसेवांचे यंत्र जे अधिक ऐकले जाते तेच अधिक पुढे करते. अल्पसंख्य श्रोत्यांच्या गाण्याला कोणी माणूस निवडून वाजवणारा लागतो. त्या माणसालाच आपण कायद्याबाहेर ठेवले आहे.

काय करावे

उपाय अवघड नाही. ३१ ड कलमात दुरुस्ती करून वर सांगितलेल्या व्याख्येत बसणाऱ्या लहान इंटरनेट नभोवाणीला वैधानिक परवाना द्यावा. देणे उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांइतके असावे आणि त्याला एक माफक वार्षिक किमान रक्कम जोडावी, म्हणजे 'उत्पन्नच नाही' असे सांगून कोणी पूर्ण सुटणार नाही. टक्के दोन असावेत की दहा, हा सुनावणीअंती ठरवायचा तपशील आहे. प्रस्तुत लेखकाचा आग्रह मापाविषयी आहे, आकड्याविषयी नाही. दर ठरवणारी यंत्रणाही पक्की हवी. २०२० सालच्या शेवटच्या दिवशी अपिलीय मंडळाने एफ. एम. केंद्रांसाठी नवे दर ठरवले आणि पुढच्याच एप्रिलमध्ये ते मंडळ बरखास्त होऊन त्याचे काम न्यायालयांकडे गेले. न्यायालयाची पायरी चढणे हे लहान केंद्राच्या आवाक्यातले काम नव्हे.

आकारणी उत्पन्नावर झाली तरी वाटप मात्र मोजणीवर व्हावे. यात इंटरनेट नभोवाणीची एक सोय आजवर दुर्लक्षित राहिली आहे. एफ. एम. केंद्राला आपले श्रोते किती याचा अंदाजच करावा लागतो. इंटरनेट केंद्राच्या संगणकात कोणते गाणे केव्हा वाजले आणि त्या क्षणी किती जण ऐकत होते याची नोंद आपोआप होते. ती नोंद दरमहा एका खिडकीवर जमा करावी आणि गोळा झालेली रक्कम तिच्याबरहुकूम थेट वाटली जावी. कवीचा आणि संगीतकाराचा वाटा कंपनीच्या हातून न जाता सरळ त्यांना वा त्यांच्या वारसांना मिळावा. लता मंगेशकरांनी १९६०च्या दशकात गायकांच्या स्वामित्वधनासाठी जो आग्रह धरला होता, तो तेव्हा हिशेब ठेवणे अवघड म्हणून व्यवहारात कठीण वाटे. आज ती सबब उरलेली नाही.

अशी व्यवस्था सरकारला परकी नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांना आपली यंत्रे शिकवण्यासाठी साहित्य आणि संगीत सक्तीच्या परवान्याने वापरू द्यावे आणि त्यांच्या उत्पन्नातून मोबदला घेऊन एका केंद्रीय संस्थेमार्फत वाटावा, असा विचार केंद्राच्या त्याच खात्याच्या डिसेंबर २०२५ मधील कार्यपत्रात मांडला गेला. त्या विचाराचे गुणदोष वेगळे; पण जगातील सर्वांत धनाढ्य कंपन्यांसाठी जी सोय विचारार्ह ठरते, ती तालुक्याच्या गावातील चार तरुणांसाठी अविचारी कशी?

कायद्याने मार्ग दाखवलाच नाही तर काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. काही तरुण गाणी गाळून नुसत्या गप्पा वाजवतील आणि श्रोते गमावतील. काही चोरून वाजवतील आणि एखाद्या नोटिशीने धास्तावून रातोरात बंद करतील. बहुतेक सुरूच करणार नाहीत. यांतल्या कोणत्याही वाटेने कवीच्या घरी एक रुपयाही जात नाही. उलट बारा हजार रुपये भरणारी हजार लहान केंद्रे उभी राहिली तर वर्षाला एक कोटी वीस लाख रुपये होतात. बड्या कंपन्यांच्या ताळेबंदात ही रक्कम शोधावी लागेल. पण एखाद्या वयोवृद्ध गीतकाराच्या घरी तिचा वाटा गेला तर तो शोधावा लागणार नाही. कापसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. माल पिकवणारा आणि माल वापरणारा हे दोघेही लहान असतात तेव्हा मधला भाव कोणी तरी न्यायाने बांधून द्यावा लागतो. गाण्याच्या बाबतीत ते काम संसदेचे आहे, आणि तिच्याच समितीची शिफारस तिच्यापुढे पडून आहे.